मागची सतरंजी

“लाडवांनी तुमचं काय घोडं मारलं होतं, तेवढं सांगा मला!”

इंदुताईंचा आवाज जिना उतरून खाली गेला असणार, कारण खालच्या मजल्यावर कुणाचं तरी दार हळूच लागलं. त्यांच्या हातात नुसतं झाकण होतं. डबा गायब. घाईत ज्यानं नेला त्याला झाकण न्यायचं भान राहिलं नव्हतं.

“हळू बोल,” मुरारी म्हणाले. “आत तेजल झोपलीय.”

“ती झोपलेली नाही. दवाखान्यातून आल्यापासून तिचा डोळ्याला डोळा लागलेला नाही. तुम्हाला कसं कळणार? तुम्ही घोरत असता.”

मुरारींनी खिडकीकडे तोंड फिरवलं. गणराज दाराशी एक चप्पल पायात, एक हातात असा उभा होता. पोरगा तिशीला आला, पण घरात भांडण लागलं की अजूनही दाराशीच सापडायचा.

“तू नेलास?”

“बाबा म्हणाले म्हणून...”

“लग्न ठरवताना बाबा म्हणाले होते का रे? तेव्हा बरा स्वतःच्या मनानं वागलास. कुठं टाकलेस?”

“कचऱ्याच्या गाडीत.”

“आणि डबा?”

गणराजनं चप्पल या हातातून त्या हातात घेतली.

“डबा पण? चांगला स्टीलचा डबा! त्याच्यावर कुशाबाईंच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं, त्यांच्या लग्नातला. डब्यालाही सैतान चिकटला होता का?”

डिंकाचे लाडू होते ते. आदल्या दिवशी तेजलची आई कुशाबाई चाकणजवळच्या गावाहून दोन बस बदलून चिखलीला आल्या होत्या. पिशवीत डबा, कांद्याच्या पातीची जुडी आणि गावठी तूप. तेजलला तिसरा महिना लागला होता आणि सगळं रिकामं झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पहिल्या खेपेला पुष्कळदा असं होतं, कुणाची चूक नाही, आराम करा. कुशाबाईंनी लेकीच्या केसांतून हात फिरवला, रडू गिळलं आणि इंदुताईंना म्हणाल्या, “ईनबाई, पोरीची कंबर मोडल्यावानी झाली आसंल. रोज येक लाडू खायाला घाला. अशा टायमाला बाळंतिणीवानीच जपाया लागतं.”

मुरारींनी तेव्हा एकच विचारलं होतं. “देवापुढं ठेवले होते का हो हे?”

“व्हय तर,” कुशाबाई सरळ मनानं म्हणाल्या. “पयला देवाला, मंग लेकीला. आमच्यात तसंच हाय.”

मुरारी हसले होते, चहा घ्या म्हणाले होते, बसस्टॉपपर्यंत पोचवायलाही गेले होते. आणि आज सकाळी डबा कचऱ्याच्या गाडीत.

“मूर्तीपुढचं अन्न आपण घरात घेत नाही,” मुरारी खिडकीकडे बघत म्हणाले. “मी मंडळीतला वडील आहे. माझ्याच घरात...”

‘वडील’ म्हणजे ख्रिस्ती मंडळीतल्या पंचांपैकी एक. गेल्या वर्षी पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, त्यांना नेमलं, तेव्हापासून हे वाक्य दिवसातून एकदा तरी यायचंच. मी मंडळीतला वडील आहे, टीव्ही बंद करा. मी मंडळीतला वडील आहे, भाचीच्या हळदीला जाता येणार नाही.

“आई, तुला कळत नाही,” गणराज चप्पल खाली ठेवत म्हणाला. “एकदा चूक झालीच आहे. परत नको.”

“कुठली चूक?”

गणराजनं बापाकडे बघितलं. बापानं पोराकडे. ते बघणं इंदुताईंना बिलकुल आवडलं नाही.

“कुठली चूक रे?”

“संध्याकाळी पाळकसाहेब येतायत,” मुरारी म्हणाले. “तेच सांगतील. आज गुरुवार आहे, सगळे घरी आहेत, म्हणून बोलावलंय.”

साऱ्या जगाला रविवारची सुट्टी असते. इकडच्या बहुतेक कंपन्यांना गुरुवारची. तेजल चाकणच्या ज्या कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायची तिथंही गुरुवारचीच. त्यावरूनही मंडळीत कुजबुज होतीच. मुरारींची सून रविवारी कंपनीच्या बसमध्ये दिसते, भजनाला दिसत नाही. ती दुसऱ्या शिफ्टला असली की सकाळच्या उपासनेला येते, पहिल्या शिफ्टला असली की येत नाही. एवढा साधा हिशेब होता. पण पाप शोधायला बसलेल्या माणसाला शिफ्टचं वेळापत्रक समजून घ्यायची गरज वाटत नाही.

इंदुताई स्वयंपाकघरात गेल्या. कणीक भिजवायला घेतली आणि भिजवता भिजवता एवढी बुक्क्यांनी हाणली की परात ओट्यावर सरकत गेली.

त्या मेसच्या पोळ्या लाटायच्या. कंपन्यांत कामाला आलेली लातूर-परभणीकडची पोरं खोल्या करून राहतात, त्यांच्या मेसच्या. चतुर्थी-एकादशीला त्यातल्या निम्म्यांना उपासाचं लागायचं, मग इंदुताई खिचडी करून द्यायच्या. पाळक दादासाहेबांनी एकदा त्यावरून टोकलं होतं, “बहीण, उपासाचं रांधून देणं म्हणजे त्यात वाटा घेणं.” इंदुताई म्हणाल्या होत्या, “पोरं आईपासून लांब आहेत, पाळकसाहेब. खिचडी दिली नाही तर ती उपास सोडणार नाहीत, नुसती उपाशी राहतील.” त्यावर हशा झाला आणि विषय संपला. निदान इंदुताईंना तसं वाटलं. असले विषय संपत नाहीत, साठत जातात.

उपास म्हणजे काय ते इंदुताईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. जालन्याकडच्या गावात सतराव्या वर्षी लग्न होऊन आल्या, तेव्हापासून त्यांचं आयुष्यच कडक वारांवर चाललेलं. सोमवार, गुरुवार, शनिवार. महिन्याचे चार दिवस गोठ्याशेजारच्या खोलीत, पाण्याचा तांब्या वेगळा, पांघरूण वेगळं. हात लागला तर आंघोळ, सावली पडली तर कुरकुर. सासू वाईट नव्हती. तिच्या सासूनं तिला जे दिलं ते तिनं पुढं दिलं. पहिल्या पोराच्या वेळी सासूनंच सोळा सोमवार धरायला लावले. पोरगा झाला. गोरा, हसरा, मुठी आवळून झोपणारा. पोराच्या भल्यासाठी म्हणून सोमवार पुढं चालूच राहिले. एका सोमवारी घरात पाहुणे होते, इंदू वांग्याची भाजी करत होती. मीठ पडलंय की नाही कळेना, म्हणून तिनं बोट बुडवून जिभेला लावलं. एवढंच. सासूनं दारातून बघितलं.

त्याच पावसाळ्यात पोराला हगवण लागली आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत ते गेलं.

सासू ओरडली नाही, मारलं नाही. अंगणात बसून एवढंच म्हणाली, “जीभ आवरली असती तर लेकरू हाती असतं.”

त्यानंतर इंदूनं पुन्हा सोळा सोमवार केले. मग आणखी सोळा. उद्यापन झालं तरी मन भरेना, म्हणून पुन्हा सुरुवात. मुरारीला आकुर्डीत कंपनीत काम लागलं, चाळीत खोली मिळाली, गणराज झाला, तरी तिचे सोमवार सुटले नाहीत. स्वयंपाक करताना ती तोंडाला फडकं बांधायची. चाळीतल्या बायकांना वाटायचं, किती सोवळ्याची बाई. कुणाला काय ठाऊक, ती स्वतःच्या जिभेला घाबरायची.

फडक्याचं खरं कारण विचारलं फक्त चतुराबाईंनी. नगरकडच्या ख्रिस्ती बाई, मिशनच्या दवाखान्यात आया होत्या, निवृत्त होऊन चाळीच्या टोकाच्या खोलीत एकट्या राहायच्या. हातात काचेच्या बांगड्या, कानात कुड्या, दिवाळीला सगळ्यांकडचा फराळ खाणार आणि नाताळात सगळ्यांना करंज्या वाटणार. नळावर त्यांनी एक दिवस इंदूचं फडकं खाली ओढलं आणि म्हणाल्या, “दात दुखतोय का गं रोजचा?”

इंदूनं घागर खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. नळाला रांग होती. तरी सांगितलं.

चतुराबाईंनी तिला जवळ घेतलं नाही, अरेरे म्हटलं नाही. त्या भडकल्या. “कोण म्हणालं तुला असं? भाजी चाखल्यानं लेकरं मरत असती, तर जगात एकही स्वयंपाकीण आई झाली नसती! मी दवाखान्यात उभं आयुष्य काढलं. हगवणीनं लेकरं मरतात, बाई. सलाइन मिळालं नाही म्हणून मरतात.”

मग दुपारी खोलीवर बोलावून चहा दिला आणि आपल्या प्रभूबद्दल सांगितलं. इंदूला सगळं समजलं नाही. एवढं समजलं की हा देव वधस्तंभावर गेला तो माणसांनी चुका केल्या नाहीत म्हणून नव्हे, केल्या म्हणून. आणि तो गेला तेव्हा कुणी उपास पुरे केलेले नव्हते, कुणी लायक नव्हतं. “दार उघडं आहे,” चतुराबाई म्हणाल्या. “बाहेर बसून उंबरठा पुसत बसू नकोस. आत ये.”

त्या सोमवारी इंदू सकाळी उठली, चहा केला, बशीत पोळी घेतली आणि खाल्ली. आभाळ कोसळलं नाही. गणराज शाळेतून धावत आला, धडधाकट. त्या रात्री कित्येक वर्षांनी ती पोटभर झोपली.

ही इंदुताईंची श्रद्धा. ती कुठल्या वर्गात शिकून आलेली नव्हती, एका बशीतल्या पोळीतून आलेली होती. म्हणून तिला कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

चतुराबाई वारल्या. चाळ पाडली, सगळे चिखलीला आले. मुरारींची कंपनी बंद पडली आणि त्यांनी दारू धरली. एवढी की बायकोच्या पोळ्यांच्या जिवावर घर चालायचं आणि नवऱ्याला उचलून आणायला पोरगा जायचा. त्या दिवसांत दादासाहेब भेटले. फॅब्रिकेशनच्या गाळ्यावरची पत्र्याची शेड भाड्यानं घेऊन त्यांनी मंडळी चालवली होती. मुरारींची दारू सुटली. त्यासाठी इंदुताई त्या माणसाचे पाय धुवायला तयार होत्या. मग हळूहळू एकेक सुरू झालं. रविवारी पांढरी साडी. बांगड्या नकोत. कानात नको. गजरा नको. बुधवार-शुक्रवार उपास. गणराज हे नाव चालत नाही, गॅब्रिएल करा. तिथं मात्र इंदुताई अडल्या. “नाव मी ठेवलंय, कळा मी सोसल्यात. देवानं त्याला याच नावानं ओळखलंय इतकी वर्षं, आता पत्ता बदलून गोंधळात पाडू नका.” बाकीच्याकडे त्यांनी कानाडोळा केला. बांगड्या काढल्या. म्हटलं, काचेचं काय एवढं.

मंडळीत एक रीत होती. ज्याच्याकडून काही घडलं, त्यानं रविवारी प्रभुभोजनाआधी, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर वाटण्याआधी, उभं राहून कबुली द्यायची. कबुली देईपर्यंत तो मागच्या सतरंजीवर बसायचा. भाकरीचं ताट आणि प्याला रांगेतून फिरायचा आणि त्या सतरंजीशी आला की मागं वळायचा. इंदुताईंनी तिथं एका म्हाताऱ्या गवंड्याला बसलेलं बघितलं होतं, लेकीच्या सासरच्या पूजेला गेला म्हणून. ताट वळलं तेव्हा त्यानं हात मांडीखाली लपवले होते. त्यांना गोठ्याशेजारची खोली आठवली होती. त्या घरी येऊन मुरारींना बोलल्याही होत्या. मुरारी म्हणाले होते, शिस्त आहे.

संध्याकाळी दादासाहेब आले. पांढरा शर्ट, बगलेत पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, चेहरा दमलेला. दिवसभर कुठल्या तरी दवाखान्यात कुणासाठी प्रार्थना करून आले होते. वाईट माणूस म्हणावा असं त्यांच्यात काही नव्हतं, आणि इंदुताईंना राग आला तो त्याचाच जास्त.

“प्रभूची स्तुती असो, बहीण.”

“बसा. चहा टाकते.”

“आधी प्रार्थना. आणि तेजलबहिणीला बोलवा.”

“ती पडून आहे.”

पण तेजल आली. भिंतीला धरत आली, सोफ्याच्या कडेला बसली. हिरव्या गाऊनवर ओढणी, गळ्यात मंगळसूत्र. तेही मंडळीत डोळ्यांत खुपायचं. लग्नानंतर वर्षभरानं तिनं स्वतःहून बाप्तिस्मा घेतला होता, कुणी सांगितलं नव्हतं. सासूला पहाटे पोळ्या लाटताना गुणगुणत प्रार्थना करताना ऐकून म्हणाली होती, “आई, तुमी ज्याच्याशी बोलता त्याच्याशी मला पण बोलायचंय.”

दादासाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना केली. चांगली केली. मग डोळे उघडून हळू आवाजात म्हणाले, “गणराजनं मंगळवारच्या प्रार्थनासभेत मन मोकळं केलं. बरं केलं. झाकलेलं राहिलं की सडतं.”

“काय मोकळं केलं?” इंदुताई म्हणाल्या.

गणराज जमिनीकडे बघत होता.

“दीड महिन्यापूर्वी तेजलबहीण भावाच्या वास्तुशांतीला गेली होती. तिथं प्रसादाचा शिरा खाल्ला. दोन देवांच्या ताटात जेवता येत नाही, बहीण. आणि प्रभूचा दिवस कामात घालवते ते वेगळंच. देव लगेच शिक्षा करत नाही. तो आधी इशारा देतो. मग...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. तेजलच्या पोटाकडे बघितलंही नाही. गरजच नव्हती. ती स्वतःच दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती.



“या रविवारी ती उभी राहील,” दादासाहेब म्हणाले, “कबुली देईल. मग एकवीस दिवसांचा उपास, सूर्य मावळेपर्यंत. पुढचं मूल देव देईल. मंडळी तिच्याबरोबर आहे.”

तेजल खालमानेनं म्हणाली, “राहीन मी उभी.”

इंदुताईंना अंगणात बसलेली सासू दिसली. तोच आवाज, न ओरडता बोललेला. तेच वाक्य. फक्त पांढरा शर्ट घालून, बगलेत शास्त्र घेऊन, त्यांच्याच सोफ्यावर येऊन बसलेलं.

“गण्या,” त्या म्हणाल्या. पोराला त्या अशी हाक कधी मारत नसत. “तुझ्या बायकोच्या पोटातलं गेलं, आणि तू चार लोकांत जाऊन सांगितलंस की तिनं शिरा खाल्ला?”

“आई, मला कारण पाहिजे होतं.” गणराजचा आवाज फाटला. “माझं पण मूल होतं ना ते.”

“कारण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.”

“ते काय कारण आहे? म्हणे असंच होतं!”

“असंच होतं! सोसवत नाही म्हणून बायकोच्या डोक्यावर घालशील? कारण सापडलं की तुला हलकं वाटेल. तिचं काय?”

“इंदुबहीण,” दादासाहेब म्हणाले, “राग आवरा.”

“का आवरू? तुम्ही शास्त्र वाचता ना? तो जन्माचा आंधळा आहे बघा त्यात. शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, यानं की आईबापानं? प्रभू काय म्हणाला?”

“त्याचा अर्थ वेगळा...”

“अर्थ तुम्हाला जास्त कळतो. उत्तर काय दिलं तेवढं सांगा.”

दादासाहेबांनी बगलेतलं शास्त्र मांडीवर घेतलं, पण उघडलं नाही.

“यानंही नाही, आईबापानंही नाही. हेच म्हणाला ना? मग तुम्ही त्या शिष्यांच्या बाजूला बसून अजून तेच का विचारताय?”

“बहीण, नियम नसतील तर मंडळी राहणार नाही. विस्कटून जाईल.” त्यांनी मुरारींकडे हात केला. “यांनाच विचारा. नियम नसते तर मुरारीभाऊ आज कुठं असते?”

मुरारींनी मान खाली घातली. तो घाव नेमका बसला होता, आणि दादासाहेबांना तो बसणार हे ठाऊक होतं.

“ते मी सांगते, कारण मी तिथं होते,” इंदुताई म्हणाल्या. “हे स्पाइन रोडला गटाराच्या कडेला पडले होते. अंगावर ओकलेले. तुम्ही मोटरसायकलवरून चालला होतात, ओळख ना पाळख. यांना उचललंत, तुमचा शर्ट घाण झाला, खांद्यावर टाकून तीन मजले चढवलंत. न्हाऊ घातलंत. तेव्हा विचारलंत का, यानं काय खाल्लंय, कुठल्या देवाचं खाल्लंय? रविवारी भजनाला येतो का? काही विचारलं नाहीत. त्यानं दारू सुटली, पाळकसाहेब. नियम मागनं आले. मी ते विसरले नाही. तुम्ही विसरलात.”

दादासाहेबांचा चेहरा पडला. क्षणभर असं वाटलं की ते काही वेगळं बोलतील, तो मोटरसायकलवाला माणूस बोलेल. पण मग त्यांनी शास्त्र बगलेत घट्ट धरलं आणि उठले.

“मुरारीभाऊ, घर तुमचं आहे. रविवारी कबुली झाली नाही तर तुम्हालाही मागं बसावं लागेल. माझा नाइलाज आहे.”

चहा न घेता ते गेले.

तेजल तोवर आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती. इंदुताई पलंगाच्या कडेवर बसल्या.

“माझ्यामुळंच गेलं का हो, आई?”

“नाही.”

“पण दादाच्या घरी शिरा लई गोड झाला होता. मी दोनदा घेतला.”

इंदुताईंना हसावं की रडावं कळेना. “चांगलं केलंस.”

“मी उभी राहते ना. एकदा बोलून टाकलं की सुटेन. येकवीस दिवसांचं काय, आमच्या आईनं पण केल्यात असलं. मग संपेल सगळं.”

“संपत नाही, तेजू.” इंदुताईंनी तिला आपल्याकडे वळवलं. “माझा पहिला पोरगा गेला, तुला माहीत आहे. का गेला असं सांगितलं मला, ते माहीत नाही.” आणि त्यांनी सांगितलं. मीठ, बोट, अंगणातली सासू, सोळा सोमवार आणि पुन्हा सोळा. “मी पुरे केले की वाटायचं, झालं. दुसऱ्या दिवशी वाटायचं, कुठं तरी चुकलं असेल. पुन्हा पहिल्यापासून. तू रविवारी उभी राहिलीस की तू कबूल केलंस की मूल तू मारलंस. मग एकवीस दिवस कर, नाहीतर एकवीस वर्षं कर. ते पुसलं जात नाही. पुढच्या खेपेला पोटात दुखलं की आधी तेच आठवेल.”

“मग तुमचं कसं संपलं?”

“मी काही करून नाही संपलं. प्रभूनंच संपवून ठेवलं होतं, मला उशिरा कळलं.”

तेजल खूप वेळानं रडली. दवाखान्यात रडली नव्हती, आईसमोर रडली नव्हती. आता सासूच्या मांडीत तोंड खुपसून रडली, मोठ्यानं, हुंदके देऊन. इंदुताई तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या, आणि त्यांच्या मनात राग होता तो कमी झाला नाही. उलट त्याला बसायला जागा मिळाली.

त्या बाहेर आल्या तेव्हा बापलेक तिथंच होते. दिवा कुणी लावला नव्हता. इंदुताईंनी बटण दाबलं.

“इंदू,” मुरारी म्हणाले, “मला भीती वाटते गं.”

“कशाची?”

“बुधवार, शुक्रवार, रविवार, हे असं बांधलेलं आहे ना, म्हणून मी उभा आहे. एक दोरी सुटली की दुसरी सुटेल. वाइनच्या दुकानावरून मी अजून रस्ता बदलून जातो, तुला माहीत नाही.”

“माहीत आहे. दूध आणायला तुम्हाला उगाच लांबचा फेरा पडतो.”

“मग?”

“मग बदला रस्ता. मी कुठं नको म्हणते? तुमची दोरी तुम्ही धरा. पण तिचा फास करून पोरीच्या गळ्यात घालू नका.”

मुरारी हाताची बोटं मोडत राहिले. “मंडळीनं टाकलं तर आपलं कोण आहे इथं? गावाकडच्यांनी आपल्याला कधीच सोडलंय. उद्या मी मेलो तर माती द्यायला कोण येईल? चार खांदे कुठून आणशील?”

हा प्रश्न खोटा नव्हता. सुखदुःखाला, लग्नाला, दवाखान्याला धावून येणारी माणसं सगळी त्या पत्र्याच्या शेडमधलीच होती. इंदुताईंनाही ती हवी होती. शेडमधल्या बायकांनीच तेजलला दवाखान्यात डबा पोचवला होता.

“नाही आले तर नाही आले,” त्या म्हणाल्या. “मेल्यावरच्या खांद्यांसाठी जितीला गाडायचं नाही मला.”

गणराज उठला. “आई, मी पाळकसाहेबांना फोन करून सांगू का, की थोडे दिवस थांबा? तब्येतीचं कारण सांगतो. मग हळूहळू विसरतील सगळे.”

“कारण सांगायचं नाही. तब्येतीचंही नाही. तू आत जा आधी. बायकोला सांग, मंगळवारी मी चुकलो. एवढंच सांग. शास्त्रातलं काही जोडू नकोस त्याला.”

गणराज तसाच उभा राहिला.

“जा.”

तो गेला. आतून आधी काही ऐकू आलं नाही, मग तेजलचा आवाज, मग त्याचा. काय बोलले ते इंदुताईंनी ऐकलं नाही, ऐकायचा प्रयत्नही केला नाही. त्यांनी साडीचा पदर खोचला, कुकर लावला, शिट्टी झाल्यावर गॅस बारीक केला. मग दोघांना बाहेर बोलावलं. तेजल गणराजच्या दंडाला धरून आली. मुरारी खुर्चीतून उठले नाहीत.

“ऐका,” इंदुताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. पोळ्यांची ऑर्डर सांगावी तसा होता. “तेजल रविवारी कुठंही उभी राहणार नाही. उपास धरणार नाही. तिनं काय खाल्लं, कुठं खाल्लं, हे या घरात पुन्हा कुणी काढायचं नाही. रविवारी सकाळी ज्याला शेडमध्ये जायचंय त्यानं जावं, मी अडवणार नाही. मी जाणार नाही. रविवारी संध्याकाळी प्रभूची भाकर इथं मोडली जाईल, या खोलीत. मी मोडेन. पाळक लागतो असं वाटत असेल तर दादासाहेबांनाही बोलवा; आले तर आपल्यात बसतील. तेजल पहिली घेईल. मी शेजारच्यांना सांगणार आहे, त्या म्हाताऱ्या गवंड्यालाही निरोप धाडणार आहे. येईल त्याला जागा द्यायची. आता हात धुवा, जेवायला बसा.”